पुष्पचक्रावर कुणाचं नाव

आमच्या दुकानात मयताचं नाव कुणी विचारत नाही. कोण गेलं, कशानं गेलं, मागे कोण आहे, यातलं काहीही पुष्पचक्र करायला लागत नाही. लागतं ते देणाऱ्याचं नाव. रिबनीवर तेच येतं: वर नाव, त्याखाली पद, त्याखाली ‘यांच्याकडून भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि चक्र ठेवताना रिबनीचं तोंड लोकांकडे करायचं, मयताकडे नाही. हा धंद्यातला पहिला नियम. कामाला लागले त्याच दिवशी मी त्यावरून मालकांशी भांडले.

मालक म्हणजे हुसेनचाचा. आजोबांपासून फुलारी.

“चाचा, मेला एक आणि नाव दुसऱ्याचं? हा काय न्याय झाला?”

“मरनेवाले का नाम कायकू लिखना? वो तो सामनेच पडेला है. सब लोगां उसकूच देखने आए ना.”

मी ब्रश उचलला आणि देणाऱ्याचं नाव लिहिलं. एरवी माझ्याकडे सगळ्याची उत्तरं असतात, कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा यंत्रमागावर कामाला होते आणि उरलेल्या वेळात कामगारांची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, वाटायचे. वाटून उरलेली सोलापूरजवळ कुंभारीला आमच्या घरात डब्यांखाली अंथरलेली असायची. अम्मा विड्या वळायची आणि मी तिला ती वाचून दाखवायची. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे लांबलचक संबोधन मी ‘कमळ बघ’च्या आधी वाचायला शिकले. अम्मा घरात तेलुगू बोलते, पण ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द ती अस्सल मराठीत म्हणते.

बाबा भिंतींवर ब्रशने घोषणाही लिहायचे. ते अक्षर माझ्या हातात उतरलं आणि त्याच अक्षरावर मला ही नोकरी मिळाली. चाचांना रिबनी लिहिणारं माणूस हवं होतं. पहिली रिबन बघून ते म्हणाले, “अक्षर अच्छा है. जुबान का देख लेंगे.” माझी ‘जुबान’ ते अजून बघतायत.

पुढे मी नुसती रिबनच नाही, अख्खं चक्र करायला शिकले. बाहेरच्यांना वाटतं चक्र म्हणजे गोल हार. तसं नाही. हार ओवतात, चक्र बांधतात. बांबूच्या कामट्या वाकवून आधी कडं करायचं. त्यावर ओला पेंढा पीळ देत गुंडाळायचा आणि सुतळीने आवळायचा. डोक्यावर घागर घ्यायला बायका कापडाची चुंबळ करतात ना, तशी ही मोठी चुंबळ. त्यावर केळीच्या खोडाचं सोललेलं सोपट, मग अशोकाची पानं, मग शेवंती, अस्टर, निशिगंध, प्रत्येक देठात तार. पीळ सैल राहिला तर सोलापूरच्या उन्हात फुलं दुपारच्या आत माना टाकतात. मागून बांबूचे तीन पाय लावले की झालं. हाराला गळा लागतो, तसबीर लागते, खुंटी तरी लागते. चक्र आपल्या पायांवर उभं राहतं. माझं चक्र संध्याकाळपर्यंत ताजं राहतं, हे मी अभिमानाने सांगते. ज्याच्यासाठी केलं तो तोवर राख झालेला असतो, हेही मला माहीत आहे.

हे सगळं करताना या वस्तूचा अर्थ काय, असा प्रश्न मला पडायचं कारण नव्हतं. तो पाडला इंग्रजीच्या एका निवृत्त सरांनी. त्यांचे मित्र गेले होते आणि चक्र तयार होईपर्यंत ते आमच्या स्टुलावर बसून होते. मी पेंढा पिळत होते. सर एकटक बघत होते, मग म्हणाले, “पोरी, तू आत्ता जे करते आहेस ना, तोच या शब्दाचा अर्थ.”

“कुठल्या शब्दाचा?”

“इंग्रजीत याला रीथ म्हणतात. फार जुना शब्द. वळणे, पिळणे या क्रियापदावरून आलेला. दुःखाने माणूस पिळवटतो, त्यालाही त्याच कुळातला शब्द आहे. आणि संतापाला म्हणतात तो राथ, तोही त्याच घरातला. राग म्हणजे तरी काय, आत बसलेला पीळच.”

मी पेंढ्याला आणखी एक पीळ दिला.

“आणि हे नुसतं मेलेल्यांचं नव्हतं बरं का,” सर पुढे म्हणाले. “ग्रीक लोक शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचं कडं ठेवायचे. जिवंत माणसाच्या.”

सर चक्र घेऊन गेले आणि मी दिवसभर पेटलेली. आपला शब्द डोळ्याने केला आहे: फूल दिसलं, चाक दिसलं, म्हणून पुष्पचक्र. त्यांचा शब्द हाताने केला आहे. करणाऱ्याच्या हाताने! शिवाय त्यात संताप आहे. डोक्यात पत्रक तयारच झालं. मी चाचांना म्हटलं, “चाचा, चक्र आणि राग एकाच घरातले आहेत.”

“मालूम है बेटा. दोनों मेरीच दुकान में बैठते.”

पण अर्थ सापडला म्हणावा, तर पुढचं गिऱ्हाईक तो मोडायला हजर. जुळे सोलापूरच्या एका सोसायटीतून एक मॅडम स्कूटरवर आल्या. मोबाइलवर फोटो: कुठल्याशा परदेशी दारावर हिरवं कडं, त्याला लाल बो. “सेम असं हवंय. दिवाळीचं गेट-टुगेदर आहे आमच्याकडे.”

चाचांनी कपाळाला हात लावला. “म्याडम, ये मयत का आयटम है.”

“काहीतरीच काय! वेलकमचं असतं हे.”

आम्ही केलं. गिऱ्हाइकाशी वाद घालायची परवानगी चाचा फक्त मला देतात, स्वतःला नाही. पोचवायला मी गेले. जिन्यातून ते कडं घेऊन चढत असताना शेजारच्या दारातल्या आजोबांनी मला पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, “आजोबा, वेलकमचं आहे.” ते म्हणाले, “असू दे, असू दे. कोण गेलं?”

मग एक पुढारी. आम्ही केलेलं चक्र त्यांनी परत पाठवलं, कारण विरोधकाच्या रिबनीवरची अक्षरं मोठी होती. मी रुंद रिबन घेऊन पुन्हा लिहिलं. शेवटी नाव इतकं मोठं झालं की फुलं कडेने कशीबशी डोकावत होती. त्यांना ते फार आवडलं.

म्हणजे हाताचा पीळ, आतला राग, शर्यतीतला विजय, दारावरचं स्वागत, पुढाऱ्याची पाटी. पुष्पचक्र नक्की कशाला म्हणायचं? माझ्या गोंधळाला खरी सुरुवात अजून व्हायची होती. ती मंगलने केली.

सकाळी दुकान उघडून मी फुलांवर पाणी मारत होते. एक बाई पायरीवर येऊन बसली. माझ्याच वयाची असेल. केस विंचरलेले नव्हते.

“चक्र पायजे,” ती म्हणाली. “मोठं.”

“नाव काय लिहायचं?”

तिने एका ठेकेदार कंपनीचं नाव सांगितलं. ते ऐकून मी पाण्याचा मग खाली ठेवला. आदल्या दिवसापासून आमच्या भागात त्याच कंपनीची चर्चा होती. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेला एक माणूस वर आला नव्हता. दत्तू लोंढे त्याचं नाव. कंपनी सांगत होती, हा आमच्या कामावर नव्हताच. पिऊन चालला होता, झाकण उघडं होतं, पडला.

“तुम्ही कंपनीकडून आलात?” मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

“न्हाय. म्या त्येची बायको.”

मला काही समजेना. “मग कंपनीचं नाव कशाला?”

“आमच्या वस्तीत एक पोलीस वारला हुता. ड्युटीवर. त्येला चक्र ठिवलं सायबानं. त्येच्या बायकुला समदी म्हनली, ड्युटीवर गेला, ड्युटीवर गेला.” ती माझ्याकडे न बघता बादलीतल्या शेवंतीकडे बघत होती. “कामावर मेलेल्याला चक्र आसतंय. पिऊन मेलेल्याला कोन ठिवतंय?”

हा अर्थ सरांनी सांगितला नव्हता.

मग तिने बाकीचं सांगितलं. सासरे माळशिरसकडच्या गावाहून आले होते. कंपनीच्या माणसाने त्यांना बाजूला घेऊन ‘पिऊन पडला’ सांगितलं आणि म्हाताऱ्याने ते खरं मानलं. तेव्हापासून ते सुनेशी बोलत नव्हते. तू असून पोरगं प्यायला कसं लागलं, एवढंच एकदा म्हणाले. “दत्तू पीत नव्हता, ताई. वास सुदिक चालायचा न्हाय. मुकादमानं घरी येऊन नेला त्येला, माज्या म्होरं. पैसा मिळंल न मिळंल, ती येगळी गोष्ट. पर माजी लेक उद्या साळंत जाईल. बाप गटारीत पडला म्हनतील तिला.”

मी तापले. मी म्हटलं, “त्यांचं नाव मुळीच लिहायचं नाही. ज्यांनी मारलं त्यांच्या नावाची श्रद्धांजली? मी लिहिते काय लिहायचं ते. ‘हा अपघात नाही, हा खून आहे!’ लाल अक्षरात लिहिते. पैसे नकोत.”

“घोषणा नगं, ताई.”

“का नको?”

“घोषणा लिवली की लोक म्हनतील, कुनीतरी लिवून घेतली. कंपनीचं नाव दिसलं की म्हनतील, व्हय, त्येंचा मानूस हुता.”

“पण ते खोटं आहे! त्यांनी दिलेलं नाही.”

“मंग त्येंनी सांगितलं ती खरं हाय का?”

पत्रकांत अशा प्रश्नाला जागा नसते. मी चाचांकडे बघितलं. ते तार कापत होते. “देनेवाले ने ऑर्डर नय दिया तो नाम नय डालना,” ते म्हणाले. “नियम है.” मग हळू आवाजात, “लेकिन इस बच्ची को खाली हाथ नय भेजना. वो भी नियम है.”

मी म्हटलं, “मंगल, त्याचंच नाव लिहिते. त्याचं नाव, त्याचं काम. त्यात एक अक्षर खोटं नसेल.”

ती गोंधळली. “पर चक्रावर देनाऱ्याचं नाव आसतंय की. लोक म्हनतील, दत्तूनं सोताच सोताला चक्र ठिवलं.”

“हसेंगे लोगां,” चाचा म्हणाले.

 मंगलला माझं पटलं होतं असं मला आजही वाटत नाही. दुसरं दुकान शोधायचं त्राण तिच्यात नव्हतं. शेवटी पदर खोचून उठली. “हसू द्या. लिवा.”

मी लिहिलं. पांढऱ्या साटीनवर काळ्या रंगात, बाबा भिंतीवर लिहायचे तशा सरळ दांड्यांच्या अक्षरात: ‘दत्तू लोंढे, सफाई कामगार, कामावर असताना’. उद्गारचिन्ह दिलं नाही. हात शिवशिवत होता, तरी नाही दिलं. पेंढ्याला त्या दिवशी मी असा पीळ दिला की सुतळी बोटांत रुतली.

चक्र रिक्षात धरून मी स्वतः स्मशानात गेले. बायकांनी तिथे येऊ नये असं म्हणणारे दोघे-तिघे कमानीपाशी होते, पण मंगल आधीच आत शेडखाली बसलेली होती आणि तिला उठवायचा धीर कुणाला झाला नव्हता. तिच्यापासून अंतर ठेवून तिचे सासरे बसले होते, डोक्याचा पटका मांडीवर घेऊन. कंपनीचा साहेबही आला होता, पांढऱ्या शर्टात, हातात फक्त सुटी फुलं. तेव्हा मला मंगलचा हिशेब कळला. चक्र आणलं असतं तर नातं मान्य केल्यासारखं झालं असतं. सुट्या फुलांवर नाव नसतं. मंगलला जे कळत होतं ते साहेबालाही कळत होतं. कळलं नव्हतं ते फक्त मला.

माईक होता मुकादमाच्या हातात. दत्तूला घरून नेणारा तोच मुकादम. भागातल्या साखरपुड्यापासून शोकसभेपर्यंत प्रत्येक ठिकाणी माईक त्याच्याकडेच असतो, कारण आवाज भारदस्त आहे आणि नावं घेताना कुणाचा मान चुकत नाही. त्याची पद्धत आम्हा फुलवाल्यांना चांगली माहीत आहे. चक्रं ओळीने मांडून ठेवायची. तो एकेका रिबनीकडे बघतो आणि लिहिलेलं जसंच्या तसं वाचतो. ज्याचं नाव येईल त्याने पुढे यायचं, चक्र उचलायचं, ठेवायचं, हात जोडायचे. मी आमचं चक्र ओळीत शेवटी ठेवलं.

एका मंडळाचं चक्र झालं. मग एक माजी पदाधिकारी. मग वस्तीतल्या एका संस्थेचं. मुकादम सुरात आला होता.

“यानंतर पुष्पचक्र अर्पण करतील, दत्तू लोंढे, सफाई कामगार, कामावर असताना…”

तो थांबला.

माईकमधून नुसती घरघर ऐकू येत होती. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबाने मान वळवून मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने रिबनीकडे.  मेलेल्या माणसाला त्याने चक्र ठेवायला पुढे बोलावलं होतं, आणि बोलावताना, सगळ्या वस्तीसमोर, जे कंपनी कालपासून नाकारत होती ते सांगून टाकलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला लाज वाटली, भीती वाटली, आणि जिंकल्यासारखंही वाटलं. यातलं पहिलं कुठलं हे मला सांगता येणार नाही. हसणाऱ्याच्या थोबाडीत मारावी असं वाटत होतं. पण हसू यावं असं ते लिहिलं होतं कुणी? मीच.

मंगल उठली. पुढे आली, चक्र स्वतः उचललं. ओल्या पेंढ्याचं चक्र जड असतं, उचलताना ती एकदा झुकली. मी पुढे होणार होते, पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही. दत्तूच्या पायाशी तिने ते उभं केलं, रिबन लोकांकडे करून. मग वळून मुकादमाला म्हणाली,

“पुन्यांदा वाचा की, दादा. मामांस्नी ऐकू कमी येतंय.”

साहेब एक पाऊल पुढे आला. “राहू द्या आता, वेळ होतोय,” असं काहीतरी म्हणाला. मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला होता.

मुकादमाने माईक तोंडाजवळ घेतला.

“दत्तू लोंढे,” तो म्हणाला. “सफाई कामगार.” घसा खाकरला. “कामावर असताना.”

म्हाताऱ्याने कानामागचा हात खाली घेतला. पटका उचलून डोक्यावर बांधला, हळूहळू, एकेक वेढा घालत. आणि उठून सुनेच्या शेजारी जाऊन बसला.

नुकसानभरपाईचं प्रकरण अजून चालू आहे. कंपनी अजून नाकारतेच आहे. रिबनीवर लिहिलेलं आणि माईकवर वाचलेलं म्हणजे पुरावा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. खरं असेल. पण मंगल मध्यंतरी गावच्या एस.टी.तून उतरून थेट दुकानात आली आणि पायरीवर बसून म्हणाली, “गावात दहाव्याला मामा सोताच सांगत हुते समद्यास्नी. माजा दत्तू कामावर गेला म्हनून.” एवढं सांगून तिने पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. चांगलं लिहिलंस असं काही म्हणाली नाही. मी तशी वाट बघत होते, हे खरं आहे.

मला एक कोडं सुटलेलं नाही. पहिल्यांदा मुकादमाने सवयीने वाचलं, ते कळतं. दुसऱ्यांदा का वाचलं? सवय असेल तर माझ्या अक्षरांचं त्यात काय? पश्चात्ताप असेल तर दत्तूला त्या चेंबरपर्यंत नेणाऱ्या माणसाला मी चांगलं म्हणायचं का? बाबांच्या पत्रकांत माणसं दोनच रकान्यांत असतात, आपली आणि त्यांची. या माणसाला कुठे घालू हे मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

शेवटी मुकादमालाच विचारलं. तो दुकानात आला होता, कुठल्याशा साखरपुड्याचे हार न्यायला. चाचांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी राहिले नाही.

“मुकादम, त्या दिवशी दुसऱ्यांदा का वाचलंत?”

हारांची पिशवी हातात घेऊन तो उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. मागे खुंटीवर कोऱ्या रिबनी टांगलेल्या होत्या, त्यांच्याकडे बघत होता.

“म्हाताऱ्याला पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं,” तो म्हणाला. “मला आलं होतं.”